लिस्बनमध्ये छोटा धंदा: दुकान बघण्याआधी काय बघाल

दर चवथीला आम्ही गोव्यात साखळीला घरी येतो, आणि आरती आटोपून प्रसाद हातावर पडायच्या आत कोणीतरी विचारतंच, "काकी, तिथे कसला धंदा चालेल?" विचारणारा बहुधा पंचवीस-तिशीतला असतो. पोर्तुगीज पासपोर्ट नुकताच हाती आलेला किंवा येऊ घातलेला. पूर्वी ही मुलं तो पासपोर्ट घेऊन सरळ इंग्लंडला, स्विंडनला जायची. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२० संपल्यापासून, त्या पासपोर्टवर तिथे जाऊन स्थायिक होता येत नाही, म्हणून आता खुद्द पोर्तुगालचा विचार सुरू झाला आहे.

घाईच्या वेळी दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. लिस्बनला लागून असलेल्या ओदिवेलाशमध्ये आम्ही चौदा वर्षं राहतो. पहिला धंदा बुडाला, दुसऱ्यावर घर चालतं. या दोन्हींतून मला एक गोष्ट कळली. परक्या मुलखात धंदा निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा: उद्या हा बंद करायची वेळ आली, तर माझ्या हातात काय उरेल? इथे गावात दुकान बसलं तरी वाडा पाठीशी असतो, पसरेकार महिनाभर उधार देतो, भाऊ दाराशी येतो. तिथे पुढच्या महिन्याचं भाडं तेवढं दाराशी येतं.

आधी आपला कागद ओळखा

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आई-वडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या आधारे ज्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला झाली, ते तिथले नागरिक. त्यांना नोकरी, धंदा, दोन्हीला वेगळी परवानगी लागत नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. धंदा करणाऱ्यांसाठी डी-२ नावाचा व्हिसा आहे आणि तो इथूनच काढून जावा लागतो. पर्यटक म्हणून जायचं, तिथे काम धरायचं आणि मग कागद मागायचे, ही जुनी वाट जून २०२४ मध्ये बंद झाली. अजूनही कोणी एजंट ती वाट दाखवून पैसे मागत असेल तर त्याच्या दारातून परत फिरा.

किती बुडालं तर चालेल, तो आकडा लिहून ठेवा

भांडवल किती लागेल हे नंतर. आधी नवरा-बायकोने, आई-वडिलांनी एकत्र बसून ठरवावं की किती पैसे गेले तरी आपण उभे राहू. तो आकडा कागदावर लिहा आणि त्याच्या पलीकडे पाऊल टाकू नका.

यात एक गोष्ट मला फार पोटतिडकीने सांगायची आहे: काजूचं भाट किंवा कुळागर विकून भांडवल उभं करू नका. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिक झालात की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि हाती राहतं ते ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' असं कार्ड. ओसीआय असलेल्या माणसाला शेतजमीन आणि बागायत वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. म्हणजे एकदा विकलेलं भाट चार वर्षांनी पैसे कमावून परत घेऊ म्हटलंत तरी कायदा घेऊ देणार नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने हेच केलं. त्या बाई अजून गावाकडच्या काजूच्या मोसमाचं बोलायला लागल्या की मध्येच थांबतात.

सहा महिने दुसऱ्याच्या हाताखाली

जो धंदा मनात आहे, त्याच धंद्यात आधी पगारावर काम करा. किराणा मनात असेल तर लिस्बनच्या मार्तिम मोनिझ चौकात जा, तिथल्या मोरारिया बाजारसंकुलाच्या तळघरात आपल्याकडच्या मालाची दुकानं आहेत. माल कुठून येतो, गल्ल्यावर कोण बसतं, संध्याकाळी काय फेकून द्यावं लागतं, हे आत राहूनच कळतं. महिन्याचा पगार मिळतो आणि शिक्षणही होतं.

भाषेची तयारी मात्र इथूनच करा. पणजीत पोर्तुगीजचे वर्ग चालतात. घरात आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेले शब्द उपयोगी पडतात, पण तेवढ्यावर भाडेकरार वाचता येत नाही.

तीन प्रश्न

मनातल्या प्रत्येक धंद्याला हे विचारा. गिऱ्हाईक कोण, आपलाच माणूस की तिथला? त्याच्याशी किती बोलावं लागेल? आणि बंद केलं तर काय विकून पैसे परत येतील?

हॉटेल सगळ्यांच्या स्वप्नात असतं, आमच्याही होतं. आपली चव तिथल्या लोकांना नवी नाही. सामोसा तिथे शामूसा या नावाने साध्या कॅफेच्या काचेतही दिसतो आणि लोक तो कॉफीबरोबर खातात. म्हणून वाटतं, हे आपलंच. पण तिसऱ्या प्रश्नाला हॉटेल नापास होतं. चिमणी, लाद्या, रंग, फलक, यावर केलेला खर्च भिंतीतच राहतो. शिवाय माणूस ठेवावा लागतो, आणि एका माणसाचा हिशेब असा: २०२५ मध्ये किमान वेतन महिना ८७० युरो होतं, ते वर्षाला १४ वेळा द्यायचं, कारण सुट्टीचा आणि नाताळचा असे दोन जादा पगार कायद्यानेच आहेत. वर मालकाने सामाजिक सुरक्षेत २३.७५ टक्के भरायचे. सगळं मिळून त्या वर्षी १५,००० युरोच्या थोडं वर गेलं, आणि कामावरच्या अपघाताचा सक्तीचा विमा त्यात धरलेला नाही.

किराण्याची दुकानं आता गल्लोगल्ली झाली आहेत आणि ती रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. घरातली दोन-तीन माणसं आळीपाळीने बसणार असतील तरच त्यात पडावं. टॅक्सीच्या अॅपवर गाडी चालवण्यासाठी कंपनी लागते, चालकाचा अभ्यासक्रम लागतो, गाडीचा हप्ता लागतो. मी त्यातलं फारसं जाणत नाही, पण गाडी निदान विकता येते.

हाताचं कौशल्य असलेल्यांना मी नेहमी सांगते: तेच पहिलं बघा. वायरमन, प्लंबर, केस कापणारा, शिलाई करणारी. हत्यारं आपली, हात आपले, दुकान हललं तरी ती बरोबर येतात.

आमचं काय झालं

आम्ही एक चालतं कॅफे घेतलं. तिथे याला त्रेश्पास म्हणतात. चालू दुकान सामानासकट आणि भाडेकरारासकट दुसऱ्याकडे सोपवायचं आणि त्याचे एकरकमी पैसे घ्यायचे. आपल्याकडच्या पागडीसारखंच वाटतं. दुकान दाखवणारा दलाल म्हणाला, "सगळं तयार आहे, फक्त शटर वर करा." आम्ही १८,००० युरो मोजले.

पहिल्याच आठवड्यात यजमानांनी शागुतीचं वाटण भाजायला घेतलं. खोबरं, खसखस, दगडफूल, सुक्या मिरच्या. अर्ध्या तासात वरच्या मजल्यावरची बाई खोकत खाली आली. तेव्हा आम्ही पहिल्यांदा मागच्या अंगणात जाऊन बघितलं: स्वयंपाकघरातलं धुराचं नळकांडं भिंतीतून बाहेर येऊन तिथेच संपत होतं. ते छपरापर्यंत न्यायचं तर इमारतीतल्या घरमालकांच्या सभेची संमती हवी. सभेने ती दिली नाही. अकरा महिने आम्ही टोस्ट आणि कॉफी विकली. मग मशीन आणि खुर्च्या विकून ४,००० युरो हातात आले आणि शटर खाली केलं.

म्हणून दुकान बघायला जाल तेव्हा आधी मान वर करा. धूर छपरापर्यंत जातो का? जाहिरातीत "धूर काढण्याची सोय" असं लिहिलेलं असलं तरी डोळ्यांनी बघा. मग भाडेकरार किती वर्षांचा राहिला आहे, घरमालकाला हस्तांतर मान्य आहे का, आधीच्या माणसाची वीज-पाण्याची बाकी आहे का, हे लेखी घ्या. भाड्याला तिथे रेंदा म्हणतात, ज्यावरून आपल्याकडे रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारा, हा शब्द आला. अनामत रक्कम त्याहून वेगळी. करार पोर्तुगीजमध्येच असतो. सही करण्याआधी दलालाच्या नव्हे, स्वतः पैसे देऊन नेमलेल्या वकिलाकडून वाचून घ्या.

रस्त्यावर उभं राहून मोजा

दुसऱ्या वेळी मी आधी वही घेतली. कॅफे चालू असतानाच मी रिकाम्या वेळी यजमानांच्या पँटची दुमड घालत बसायचे. एक गिऱ्हाईक बाई ते बघून दुसऱ्या दिवशी स्वतःच्या तीन पँट घेऊन आली. तिथे तयार कपड्यांची लांबी कमी करून देणारी, चेन बदलून देणारी छोटी दुकानं असतात आणि माणसं त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जातात.

मी तीन गल्ल्या निवडल्या. प्रत्येकीत मंगळवारी सकाळी दहा ते अकरा, गुरुवारी संध्याकाळी सहा ते सात, शनिवारी बारापर्यंत उभी राहिले. किती माणसं जातात, त्यांतली कामावरून येणारी किती, जवळ धोब्याचं दुकान आहे का, शिलाईवाली आहे का, असली तर तिच्याकडे कपडे किती दिवसांनी मिळतात. एका गल्लीत शिलाईवाली दहा दिवस लावत होती. म्हणजे काम तिच्या हाताबाहेर गेलं होतं. तिथेच मी दुकान बघितलं, भाडं ४५० युरो.

मग साधं गणित. साध्या दुमडीचे ७ युरो. ४५० ला ७ ने भागा: महिन्याला ६५ पँट नुसत्या भाड्यासाठी. महिन्याचे कामाचे दिवस २४, म्हणजे रोज तीन पँट घरमालकाच्या, चौथीपासून पुढच्या आपल्या. ज्या धंद्याचं गणित तुम्हाला एवढ्या सोप्या वाक्यात मांडता येत नाही, तो अजून तुम्हाला कळलेला नाही असं समजा.

भाषाही लागली ती एवढीच: बाइन्या म्हणजे दुमड, फेशु म्हणजे चेन, अपर्तार म्हणजे आवळून देणं, आणि गिऱ्हाईक हमखास विचारतं ते "पारा क्वांदु?", म्हणजे कधी मिळणार. पहिले सहा महिने मी हे चार शब्द आणि टाचण्या यांवर काढले. बाकीचं गिऱ्हाइकांनीच शिकवलं.

नोंदणी

ही भीती वाटते तेवढी अवघड नाही. नऊ आकडी करक्रमांक, ज्याला नीफ म्हणतात, तो सगळ्यात आधी. त्याच्याशिवाय बँकेत खातंही उघडत नाही. मग करकार्यालयात, म्हणजे फिनांसासमध्ये, आपण अमुक धंदा सुरू करतो अशी नोंद करायची. सुरुवातीला एकट्याच्या नावावरच करा, कारण ती नोंद बंद करणंही सोपं आहे. कंपनी काढणं तिथे अवघड नाही. २००५ पासून एकाच खिडकीवर ती उभी राहते आणि एका माणसाच्या कंपनीला भांडवल १ युरोही चालतं. पण कंपनी झाली की प्रमाणित हिशेबनीस कायमचा लागतो, धंदा झाला नाही त्या महिन्यातही त्याची फी द्यावी लागते.

वर्षाची विक्री १५,००० युरोच्या आत असेल तर सहसा ईवा, म्हणजे तिथला विक्रीवरचा कर, आकारावा लागत नाही. हा आकडा २०२५ पासूनचा आहे आणि तो विक्रीचा आहे, नफ्याचा नाही. यात पुष्कळजण फसतात. त्याच्या वर गेलात की साधारण दर २३ टक्के. सामाजिक सुरक्षेत पहिल्यांदाच स्वतःचा धंदा सुरू करणाऱ्याला पहिले १२ महिने सूट असते. तेराव्या महिन्यात हप्ता सुरू होतो, म्हणून पहिल्या वर्षाची कमाई सगळी आपलीच समजून गावी पाठवू नका.

गल्ल्यावर गिऱ्हाईक म्हणेल, "कों कोंत्रिब्युइंत", म्हणजे बिलावर माझा करक्रमांक घाला. तिथे पुष्कळजण मागतात, आपल्यावर संशय म्हणून नव्हे. आणि लाल पुठ्ठ्याची तक्रारवही दुकानात ठेवावीच लागते, मागितली की द्यावीच लागते. माझ्या वहीत एक तक्रार आहे, कोटाच्या अस्तराबद्दल. त्या बाई अजून माझ्याकडेच येतात.

उघडायचं कधी

ऑगस्टमध्ये उघडू नका. त्या महिन्यात लिस्बनची माणसं समुद्रावर किंवा गावी जातात आणि गल्ल्या ओस पडतात. सप्टेंबरच्या मध्यावर शाळा सुरू होतात, ऑक्टोबरात थंडीचे कोट बाहेर निघतात, तेव्हा शिलाईला दम खायला वेळ मिळत नाही. चवथ ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला आली की आम्हाला ते सोयीचंच पडतं. जुलैत घेतलेले कपडे सगळे देऊन टाकायचे, नवीन घ्यायचे नाहीत, आणि शटरवर कागद चिकटवायचा: सुट्टीसाठी बंद, खाली परत उघडण्याची तारीख. ती तारीख मी आजवर कधी चुकवलेली नाही. विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शटर वर करते, तेव्हा दारात कोणीतरी पिशवीत पँट घेऊन उभं असतं.