बोअरहोलमधला खोटा खडक: या चुका टाळा

बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा बोगदा २१ किलोमीटरचा, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. हे वाचून नवी पोरं टीबीएमबद्दल, म्हणजे बोगदा खोदणाऱ्या मशीनबद्दल, विचारायला येतात. मशीनच्या तोंडाच्या फिरत्या चकतीचा, कटरहेडचा, व्यास पाठ असतो; कोअर बॉक्स, म्हणजे बोअरहोलमधून काढलेले खडकाचे दांडे (कोअर) ठेवायचा खोका, मात्र कधी उघडलेला नसतो. मशीनपुढे काय येणार ते त्या खोक्यातच कळतं.

धोंड्याला खडक समजणं. मुंबईचा बेसॉल्ट फटींतून कुजत जातो. मध्ये टणक गोळे उरतात, भोवती मुरूम. ड्रिलचा बिट गोळ्यावर बसला की कोअर सुरेख निघतो, आरक्यूडी (खडक किती सलग आहे त्याची टक्केवारी) नव्वदीत. खाडीकाठच्या एका पुलाच्या कामावर ड्रिलरला संध्याकाळपर्यंत रिग (बोअर घ्यायचं यंत्र) हलवायची होती. नव्या साहेबाने दीड मीटर कोअर पाहून बोअर बंद करायला सांगितला आणि लॉगवर, म्हणजे बोअरच्या नोंदीवर, ‘हार्ड रॉक’ लिहिलं. पाइलिंग (पायाचे खोल खांब घालणं) सुरू झालं, तर शेजारच्या पाइलला त्याच खोलीवर मुरूमच मुरूम. मला बोलावलं तोवर लोखंडाचे पिंजरे कापून तयार होते. पुन्हा बोअर घेतला. गोळ्याखाली हाताने चुरावा असा मुरूम, खरा खडक त्याच्याही चार मीटर खाली. पिंजऱ्यांना जोड द्यावे लागले, काँक्रीट वाढलं, आणि बैठकीत सगळ्यांची बोटं ड्रिलरकडे. अहो, त्याला मीटरवर पैसे मिळतात. बोअर थांबवायची सही त्याची नव्हती.

माझ्या साइटवर सलग पाच मीटर चांगला खडक लागल्याशिवाय रिग हलत नाही. घाई असेल त्याने तोवर चहा प्यावा.

कोअर उन्हात सोडणं. इथे काळ्या पाषाणाबरोबर टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक), ब्रेचिया (टोकदार तुकड्यांचा खडक), शेल (चिखलाचा पापुद्र्यांचा खडक) हेही लागतात. टफ आणि शेल वाळले-भिजले की तडकतात. मग आठवड्याने येणारा भूगर्भतज्ज्ञ चुरा पाहून खडकालाच नावं ठेवतो. मी कोअर ओला असतानाच फोटो काढतो, निवडक तुकडे मेण लावून ठेवतो. शिळफाट्याकडचा ५ किलोमीटरचा भाग टीबीएमने नाही, नव्या ऑस्ट्रियन पद्धतीने आहे: थोडं खोदायचं, लगेच आधार द्यायचा. त्या पद्धतीत असा खडक लागला तर शॉटक्रीट (फवारून मारायचं काँक्रीट) न मारता उघडा ठेवून जेवायला जाऊ नये.

एसपीटीचे, म्हणजे नळी जमिनीत ठोकून ठोके मोजायच्या चाचणीचे, पहिले १५ सेंटिमीटर मोजणं. ते सोडायचे. पुढच्या ३० सेंटिमीटरचेच ठोके घ्यायचे. अजून सांगावं लागतं!

पाण्याची पातळी फक्त मे महिन्यात घेणं. पावसाळ्यातही घ्या. खाडीजवळ भरती-ओहोटीची वेळही लिहा.

चिखलाचा नमुना टेम्पोत आडवा टाकणं. खड्ड्यांतून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो ‘अनडिस्टर्ब्ड’, म्हणजे जमिनीत होता तसा, राहत नाही. नमुन्याची ट्यूब उभी, दोन्ही टोकं मेणाने बंद, खाली फोम. मी ड्रायव्हरशेजारी बसून स्वतः नेतो. लोक हसतात, हसोत. स्लॅब ट्रॅकखाली (खडीऐवजी काँक्रीटवर बसवलेल्या रुळांखाली) जमीन खचण्याचा हिशेब मिलिमीटरमध्ये होतो.

खोदाई सुरू झाल्यावर भेगा बघायला जाणं. आजूबाजूच्या इमारतींची पातळी आणि जुन्या भेगा आधी नोंदवा, सोसायटीच्या सेक्रेटरींना सोबत घेऊन. भेगेशेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि त्यांची सही तिथल्या तिथे घ्या. ‘नंतर देतो’ म्हणाले तर जिन्यात बसून राहा.