मोर्शीहून फ्लँडर्सला रेस करायला जायचं असेल तर

पोरींनो, आपल्याकडे मोकळ्या रस्त्यावर एकटीनं सायकल चालवून पाय भक्कम होतात. तरी बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातल्या रेसमध्ये आपल्या मुली पहिल्या अर्ध्या तासातच मागे पडतात, कारण घोळक्यात चालवायची सवय नसते. शंकरपटात प्रत्येक जोडीला आपापली वाट मोकळी असते. तिकडे अरुंद गावरस्त्यावर सगळ्या एकमेकींना चिकटून धावतात. ती सवय घरूनच लावून घ्या. म्हणून व्हिसाच्या आधी हेच सांगते.

तीन-चार जणी जमवा. झेडपी शाळेच्या मैदानात, गवत असेल तिथं, अगदी हळू चालवत एकमेकींना खांदा लावा, कोपर लावा. मग आपलं पुढचं चाक दुसरीच्या मागच्या चाकाला बाजूनं हलकंच टेकवून तोल सावरायला शिका. पडाल, पण गवतावर पडाल. अंगातली भीती गेली की चांदूर बाजार रस्त्यावर पहाटे, ट्रक-ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आधी, हातभर अंतर ठेवून रांग धरा.

वारा बाजूनं असेल त्या दिवशी तर घरी बसूच नका. वारा डावीकडून आला की पुढचीच्या किंचित मागे, उजव्या हाताला आडोसा मिळतो, आणि अशी तिरपी रांग तयार होते. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्याच जणी त्या रांगेत बसतात. बाकीच्या कडेला एकीमागे एक, उघड्या वाऱ्यात. फ्लँडर्सचा प्रदेश बहुतेक सपाट, वारा रोजचा, आणि रेस तुटते ती इथंच. त्यामुळे वळण यायच्या आधी, वारा कुठून लागणार हे ओळखून पुढे सरकायचं. नुसत्या दमाच्या बळावर हे जमत नाही.

चिखलदऱ्याचा घाट सोडू नका, पण तेवढ्यावर भागत नाही. तासभर एका लयीत चढणं वेगळं. तिकडे आउडेनार्डेजवळचा पाटरबर्ग हा चढाचा रस्ता जेमतेम ३६० मीटर लांब, पण दगडी, आणि एका ठिकाणी २० टक्के चढ. गावजत्रेच्या रेसमध्ये, तिकडे तिला केर्मिस म्हणतात, असे चढ बहुधा नसतातच. पाच-दहा किलोमीटरचा फेरा पुन्हा पुन्हा मारायचा, आणि प्रत्येक वळणानंतर उठून जोर लावायचा. म्हणून २० ते ४० सेकंदांचे जोर, मध्ये थोडी उसंत, असा सराव आठवड्यातून दोनदा ठेवा.

आता कागद. सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाचं लायसन्स कॅलेंडर वर्षापुरतंच चालतं, त्यामुळे जानेवारीतच नवं करा आणि त्यासोबत परदेशात रेस करायचं परवानगीपत्रही मागा. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. ते ९० दिवस मी मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत धरते. मार्च-एप्रिलची तिथली थंडी आणि पाऊस पहिल्या खेपेला आपल्या अंगाला सोसत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतोच, पण बऱ्याच प्रवास विम्यांमध्ये शर्यतीतली दुखापत वगळलेली असते. ती ओळ शोधून वाचा, मगच पैसे भरा. खोली घेऊन राहणार असाल तर पोहोचल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तिथल्या नगरपालिकेत जाऊन नोंद करायची.

सायकल महागडी असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना शुल्काचा वाद होत नाही. टायर २८ मिलिमीटरचे न्या. तूप, खवा, पेढे नेऊ नका. दूध-मांसाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. आपली संत्रीही राहू द्या, ताज्या फळाला वेगळं प्रमाणपत्र लागतं. तिखट-मसाला मात्र भरपूर न्या. तांदूळ आणि मसूर तिथल्या सुपरमार्केटात मिळतात, तूरडाळीसाठी अँटवर्प किंवा ब्रसेल्सच्या भारतीय दुकानात जावं लागतं. रेसमध्ये चिक्की खाऊ नका, शेंगदाण्याच्या तेलानं ती पोटात रेंगाळते. साखर-मिठाचं पाणी, केळं, भाताच्या गोड वड्या बऱ्या. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत.

पहिला आठवडा नुसता रस्ते शिकण्यात घालवा. वाहतूक उजवीकडून, आणि पाटी नसली तरी उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. सायकलमार्गांच्या चौकांना नंबर दिलेले असतात. चार-पाच नंबर कागदावर लिहून हँडलला चिकटवले की दिवसभर फिरता येतं.

रेसच्या दिवशी नावनोंदणी बहुधा गावातल्या कॅफेत असते. लायसन्स दाखवा, फी आणि नंबराची अनामत भरा. नंबर परत केला की अनामत परत मिळते. सुटण्याच्या २० मिनिटं आधी पहिल्या ओळीत जाऊन उभ्या राहा. मागून सुरुवात केली तर प्रत्येक वळणावर घोळका ताणला जातो आणि शेपटाकडच्यांना दुप्पट पळावं लागतं. मागे पडलात तर अधिकारी थांबवतात. मग कपडे बदलायला पळू नका. एखाद्या वळणावर उभ्या राहून पुढच्या जणी कुठून आत शिरतात, ब्रेक कधी सोडतात, ते शेवटच्या फेऱ्यापर्यंत बघा. पुढच्या रेसला त्याचा फार उपयोग होतो.

औषधांबाबत कुणाचंही ऐकू नका, आईचंसुद्धा. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि सोमलता घातलेल्या काढ्यातून एफेड्रिन पोटात जाऊ शकतं. ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं तर ही दोन्ही द्रव्यं स्पर्धेच्या वेळी निषिद्ध आहेत. वाडा (WADA) या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची निषिद्ध औषधांची यादी दर १ जानेवारीला बदलते, तेव्हा मागच्या वर्षीच्या माहितीवर राहू नका. दम्याचा पंप किंवा रोजचं औषध चालू असेल तर ते यादीत ताडून बघा, आणि ते घ्यायची सवलत लागणार असेल तर तिचा अर्ज तिकीट काढण्याआधी करा.