एक चॅनल बदला, दुसरा तसाच ठेवा

अँप्लिफायर सुधारायला निघालेल्या नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता ऑप-अँप (सिग्नल वाढवणारा आयसी) टाकू? माझीही सुरुवात तिथूनच झाली. प्रीअँप विभागातले (स्पीकरला ताकद देणाऱ्या भागाच्या आधीचे) दोन्ही NE५५३२ ऑप-अँप काढून मी LM४५६२ बसवले. आवाज एकदम खुलल्यासारखा वाटला आणि आठवडाभर मी त्या आनंदात होतो. मग सहज आयसीला बोट लावलं, तर चटका बसला. ऑसिलोस्कोप लावल्यावर कळलं की सर्किट काही मेगाहर्ट्झवर दोलायमान झालं होतं, म्हणजे स्वतःहूनच सिग्नल तयार करत होतं. NE५५३२ ची गेन-बँडविड्थ (वेगाचं माप) १० मेगाहर्ट्झ, LM४५६२ ची ५५. जुन्या बोर्डावरचे डीकपलिंग कपॅसिटर (आयसीचा वीजपुरवठा स्थिर ठेवणारे) त्या वेगवान आयसीला फार लांब पडत होते. बोर्डाच्या खालून थेट सप्लायच्या पिनांवर १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केले, दोलन थांबलं. त्यानंतर जुना आणि नवा आयसी आलटून पालटून ऐकले, मला फरक सांगता आला नाही.

तेव्हापासून एक पद्धत मी कधीच मोडलेली नाही. स्टिरिओ अँपमध्ये सारखीच दोन सर्किटं असतात. त्यातलं एकच बदलायचं, दुसरं साक्षीदार म्हणून जसंच्या तसं राहू द्यायचं. मोनो सिग्नल द्या, एकच स्पीकर आधी एका चॅनलला आणि मग दुसऱ्याला जोडून ऐका. स्पीकरच्या तारा बदलताना अँप बंद ठेवा. त्याआधी १ किलोहर्ट्झचा टोन लावून दोन्हीकडचे व्होल्ट १ टक्क्याच्या आत जुळवून घ्या. हे जुळवणं टाळू नका, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. पॉवर सप्लाय बहुतेक वेळा दोन्ही चॅनलना मिळून एकच असतो, तिथे मात्र ही युक्ती चालत नाही.

झाकण उघडण्याआधी जिवाची काळजी. ५० व्होल्टवर भरलेल्या १०,००० मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरमध्ये १२.५ ज्यूल ऊर्जा असते आणि प्लग काढला तरी ती तिथेच थांबू शकते. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी जोडून दहा सेकंद थांबा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात घालू नका. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना ६० किंवा १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब मेन्सच्या सिरीजमध्ये लावा. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. या बल्बाने माझे आउटपुट ट्रान्झिस्टर कितीदा वाचवले आहेत!

आता ज्यातून खरोखर फरक पडला त्याबद्दल. माझ्या क्लास एबी अँपमध्ये (यात सिग्नलचा धन आणि ऋण भाग वेगळे ट्रान्झिस्टर सांभाळतात) हळू आवाजात गाण्याला खरखरीत कड यायची. मोठा केला की ती लपायची. मी केबलला, स्पीकरला दोष देत राहिलो. शेवटी आउटपुट ट्रान्झिस्टरला जोडलेल्या ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजले. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे बायस (सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा प्रवाह) १०० मिलिअँपियर, म्हणजे २२ मिलिव्होल्ट हवे होते. उजवीकडे २१ होते, डावीकडे फक्त ४! एक ट्रान्झिस्टर सोडतो आणि दुसरा धरतो, त्या सांध्यावरच आवाज तुटत होता. बायस ठरवणारा जुना प्रीसेट (फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर) झिजला होता. तिथे अनेक फेऱ्यांचा मल्टिटर्न प्रीसेट बसवला, चालू करण्याआधी सर्वांत कमी बायसच्या टोकाला नेला (कोणत्या दिशेने कमी होतो हे प्रत्येक सर्किटमध्ये वेगळं असतं, तपासून घ्या) आणि अँप अर्धा तास तापल्यावर हळूहळू २२ पर्यंत आणला. बल्ब सिरीजमध्ये असताना बायस लावू नका, सप्लाय कमी मिळत असल्यामुळे आकडा खोटा येतो. त्या रात्री हळू आवाजात ऐकलेली तंबोऱ्याची जवार मला अजून आठवते. एका प्रीसेटने जे दिलं ते कुठल्याही महागड्या आयसीने दिलं नव्हतं.

याच वेळी स्पीकर टर्मिनलवरचा डीसी ऑफसेटही (सिग्नल नसताना तिथे राहणारं डीसी व्होल्टेज) बघा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर मी त्याला हात लावत नाही.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा दुसरा खरा विषय. ते वाळतात, अंतर्गत रोध वाढतो, गुणगुण सुरू होते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणून हीटसिंकशेजारचे आधी बदला आणि १०५ अंशांचे घ्या. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, पायांमधलं अंतर जुळणारं, पोलॅरिटी दोनदा तपासलेली. मुख्य फिल्टर कपॅसिटर दुप्पट-तिप्पट करायचा मोह फार होतो, पण चालू करताना येणारा प्रवाहाचा लोंढा रेक्टिफायर आणि फ्यूजला सोसावा लागतो. मी दीडपटीपुढे जात नाही.

व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) आणि स्पीकर रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा स्विच) यांकडे सहसा कुणी बघत नाही. एक बाजू मधूनच बारीक होत असेल, तर रिलेचे संपर्क काळे पडले असण्याची शक्यता बरीच असते. घासत बसू नका, रिलेच बदला.

काढलेला प्रत्येक भाग मी पाकिटात ठेवतो आणि त्यावर जागा, तारीख, आधीचं-नंतरचं माप लिहितो. दुसऱ्या चॅनलला हात लावायचा तो साधारण दोन आठवड्यांनी, नेहमीचं संगीत भरपूर ऐकून झाल्यावर. काही पाकिटांतले भाग मी परत बोर्डावर चढवले आहेत.