नाशिककडच्या लहान वायनऱ्या : या चुका टाळा

शनिवारी निघायचं, गंगापूर धरणाजवळच्या दोन नावाजलेल्या वायनऱ्या बघायच्या आणि रविवारी परत यायचं, हा बेत सहसा फसत नाही. फसतो तो नकाशावर दिंडोरी, निफाड, विंचूर, इगतपुरीकडचे आणखी ठिपके दिसले आणि मोह झाला की. या लहान वायनऱ्या म्हणजे मुळात द्राक्षबाग आणि तिला जोडलेला कारखाना. पाहुणे त्यातून सवड मिळाली तर.

न विचारता जाणं

राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आलं आणि नाशिक जिल्ह्यात वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. विंचूरला तर खास वाइन पार्क झालं. त्यातल्या काही पुढे बंद पडल्या, काहींत उत्पादन चालतं पण चाखायची सोय नाही. नकाशावरचा ठिपका मात्र जागेवरच असतो. म्हणून आदल्या दिवशी फोन करा. टेस्टिंग आहे का, हे विचाराच, शिवाय वाइनमेकर कधी भेटेल तेही विचारा. तो भेटणार असेल तर रविवार सोडून मंगळवार घ्यायलाही हरकत नाही. लहान ठिकाणी जायचं खरं कारण तोच असतो.

जेवणाचंही विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी चीज-बिस्किटांपलीकडे काही नसतं.

द्राक्षं बघायला पावसाळ्यात जाणं

जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर हिरवेगार असतात, वेलींवरही नुसती पानंच. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठीची छाटणी. पीक मात्र एकच. वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, म्हणजे घड बघायचे तर डिसेंबरनंतर या. काढणी बहुधा पहाटे उरकतात, फळ थंड राहावं म्हणून. दुपारी बाराला पोचून ‘काही दिसलंच नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. घड हाताने तोडू नका, मणी तोंडात टाकू नका. फवारणी कधी झाली ते तुम्हाला ठाऊक नसतं. शिवाय थॉमसनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाची गोडी अपेक्षिलीत तर बिया आणि जाड साल हाती येईल.

याच हंगामात २६ जानेवारीची सुट्टी येते आणि लोक मोठ्या हौसेने गाडी काढतात. तो ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंदचा दिवस असतो. २ ऑक्टोबरचंही तेच. मतदान संपण्याआधीचे ४८ तासही विसरू नका.

मिसळ खाऊन थेट टेस्टिंग

नाशिकला येऊन मिसळ खाऊ नका, असं सांगायची माझी छाती नाही. पण तर्रीने तोंड पोळलेलं असताना शिराझसारखी लाल वाइन नुसती तिखट आणि कडवट लागते. मध्ये दोनेक तास जाऊ द्या. पान, गुटखा, पुदिन्याची गोळी आणि भरपूर सेंट हेही त्याच यादीतले. एका माणसाच्या अत्तराने शेजारच्या चौघांचे पेले वाया जातात.

बाटली कधी उघडली, हे न विचारणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा संकोच हाच. गर्दी शनिवार-रविवारी असते. बुधवारी तुमच्या पेल्यात येणारी लाल वाइन रविवारी उघडलेली असू शकते, आणि मग फळाचा वास उडून आंबूस, शिळी चव उरते. सरळ विचारा, ‘ही कधी उघडली?’ चांगला यजमान नवी बाटली उघडतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचाचा, तोही सांगा.

दुसरा घोळ तापमानाचा. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा. तिला १६ ते १८ अंश पुरतात. मार्चच्या दुपारी निफाडची खोली त्याहून फार पुढे असते. दहा मिनिटं बर्फात ठेवायला सांगा, हसलं कोणी तर हसू दे.

चाखलेला घोट थुंकायला ठेवलेली पीकदाणी शोभेसाठी नसते. सहा वाइन, प्रत्येकी ३० मिली, अशा दोन वायनऱ्या केल्या की अर्धी बाटली पोटात गेली. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही गाडी चालवण्याची मर्यादा आहे, पहिल्या गुन्ह्याला १० हजार दंड, कैद किंवा दोन्ही. दिवसभराची गाडी ठरवा, ड्रायव्हरसकट. संध्याकाळी आडबाजूच्या गावातून अॅपवर गाडी मिळेल या भरवशावर राहू नका.

हंगामात आंबवणीच्या टाकीत डोकावू नका. तिथे साचणारा कार्बन डायऑक्साइड दिसत नाही आणि माणूस क्षणात कोसळू शकतो.

घरी नेताना

बिल जपून ठेवा. सापुताऱ्याला जोडून सहल असेल तर बाटल्या घेऊच नका, किंवा परतीला घ्या. पलीकडे गुजरात, तिथे दारूबंदी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाइन अक्षरशः शिजते, बूचही वर सरकतं. बाटल्या थर्माकोलच्या पेटीत, पायाशी ठेवा. पुढे फ्रिजमधल्या बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर ओतून देऊ नका. ते द्राक्षातल्याच आम्लाचे स्फटिक आहेत. अलगद ओता आणि शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या.