कासच्या गाळातून परागकण कसे काढावेत
साताऱ्याजवळच्या कास पठारावर जुन्या काळची झाडे आणि हवामान सांगणारे परागकण जांभ्या दगडात शोधू नका. ऑक्सिडेशनने ते नष्ट होतात. डबक्यातला सतत ओला राहिलेला काळा गाळ घ्या. गुरांनी तुडवलेला वरचा थर सोडा.

गाळाच्या दर सेंटीमीटर खोलीचा 2-3 ग्रॅम नमुना 10% हायड्रोक्लोरिक आम्लात, मग 10% गरम कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) धुवा; 150 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. वाळू विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल, तेही प्लास्टिकच्याच भांड्यात आणि फ्यूम हूडखालीच (विषारी वाफ ओढून घेणारे कपाट). शेवटी उरलेले सेल्युलोज काढायला 9 भाग ॲसिटिक अनहायड्राइड, 1 भाग सल्फ्युरिक आम्ल. त्याआधी ग्लेशियल ॲसिटिक आम्लाने पाणी पूर्ण काढा, नाहीतर मिश्रण उसळते.

किमान 300 कण मोजा. गवताचे कण वाढून जांभूळ-अंजनीचे घटले, तरी लगेच दुष्काळ ठरवू नका. जंगलतोडही तेच दाखवते. वय त्याच थराच्या कार्बन-14 वरून, साधारण 50,000 वर्षांपर्यंतच.