ऐंशीनंतरचं विसरणं आणि ‘लेट’ डिमेन्शिया : घरच्यांनी काय करायचं

आजी ऐंशीच्या पुढे गेली, बोलणं चालणं एकदम ओके पण आत्ताचं आत्ता विसरते, तर लगेच अल्झायमर म्हणून शिक्का मारू नका. लेट (LATE, एका लांबलचक इंग्रजी नावातली अक्षरं, ‘उशीर’वालं लेट नाही) म्हणून डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, वेगळा प्रकार असतो, नाव 2019 मध्ये मिळालं, त्यामुळे फार लोकांना माहीत नाही.

यात टीडीपी-43 नावाचं प्रोटीन पेशीच्या केंद्रातलं काम सोडून बाहेर येतं आणि त्याच्या गुठळ्या होतात, आधी मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या भागात, मग शेजारच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नवीन आठवण बनते नेमकं तिथेच. म्हणून आजी दर दहा मिनिटाला "भरीताची वांगी आणली का रे" विचारते आणि तीच आजी कपाशीच्या काड्यांवर वांगं कधी उलटायचं ते बिनचूक सांगते. अल्झायमरपेक्षा हे सहसा हळू वाढतं, दोन्ही सोबत असले तर मात्र घसरण जोरात.

पहिले एक वही करा. कधीपासून, काय विसरते, पडली का, भास होतात का, सगळं लिहा. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेच्या नि सर्दीच्या पण, कारण काही गोळ्यांनीच विसरणं वाढतं. बी12, थायरॉईड, कान, मनाची उदासी हे तपासाच, यावर इलाज होतो. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आकसलेला दिसेल पण तो अल्झायमरमध्येही आकसतो, लेट पक्का कळतो तो मृत्यूनंतर मेंदू तपासूनच. त्यामुळे कोणी हमखास औषध देतो म्हटलं तर पैसे खिशातच ठेवा, आणि अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रोटीन) काढणारी ती महागडी इंजेक्शनं टीडीपी-43 साठी बनलेलीच नाहीत.

घरात "आत्ताच सांगितलं ना" म्हणणं बंद, खरंच बंद. "हो आणली, टोपलीत आहेत" एवढंच, दहाव्यांदा पण तेवढंच. भरीत तिलाच करू द्या, चूल न् गॅसजवळ कोणीतरी बसा. गोळ्या वारांच्या डबीत भरून तुमच्या हातानेच द्या. बँकेचं, सातबाऱ्याचं, वाटणीचं काय असेल ते तिला समजतंय तोवर तिच्याशी बोलून उरका, नंतर भाऊबंदकीत फार त्रास होतो.

आणि एक, एक-दोन दिवसात एकदम बरळायला लागली तर ते लेट नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, अंगातलं पाणी कमी झालं, लघवीचं इन्फेक्शन झालं, डोक्याला मार लागला तरी असं होतं, तेव्हा वही शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.