विसरभोळेपणाला वय म्हणण्याआधी नाडी पाहा

घरातले आबा बियाण्याचा हिशोब विसरू लागले, की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवला जातो. त्याआधी त्यांची नाडी पाहावी, कारण हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, मेंदूलाही झिजवते.

शरीराच्या वजनात जेमतेम २ टक्के असलेल्या मेंदूला हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त लागते. वरचे कप्पे नुसते थरथरत राहिले तर खालचे पुरते भरत नाहीत, आणि ठोक्यांमधले अंतर सतत बदलत असल्याने एका ठोक्याला भरपूर, तर पुढच्याला तुटपुंजे रक्त वर चढते. शिवाय डाव्या वरच्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साकळून गुठळी होते. त्यामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. बारीक गुठळ्यांनी हातपाय लुळे पडत नाहीत, पण स्मरणशक्ती मात्र हळूहळू कमी होत जाते.

नाडी पाहण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवावे आणि मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवून पूर्ण ६० सेकंद ठोके मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे उपयोगाची नाही, कारण आपल्याला आकडा नव्हे, ताल तपासायचा आहे. एखादा ठोका चुकणे वेगळे आणि ताल मुळीच न सापडणे वेगळे. दुसरे आढळल्यास ईसीजी काढावा. थरथर येऊन-जाऊन असते, त्यामुळे एक ईसीजी निर्दोष आला म्हणून निर्धास्त होऊ नये. अंगावर छोटे यंत्र लावून २४ तास सलग ठोके नोंदवणाऱ्या होल्टर तपासणीसाठी लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागले तरी ती करून घ्यावी.

गुठळी टाळण्यासाठी डॉक्टर रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात. तिच्याऐवजी एस्पिरिन पुरत नाही. वॉरफेरिन ही अशी गोळी चालू असल्यास आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, बहुधा २ ते ३ दरम्यान ठेवतात. हिरव्या पालेभाज्यांनी या गोळीचा परिणाम कमी होतो; तरी अशा वेळी मेथी, करडई, अंबाडी सोडू नये, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही, असेही करू नये. उपवास किंवा दात काढण्याच्या निमित्ताने गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे असते.

तोंड वाकडे झाले, हात गळाला किंवा बोलणे अडखळले, तर तेल चोळत न बसता १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहून सोबत न्यावी.